तिसऱ्या तळ्यापर्यंत

एकदा एक शिष्य गुरूंचा निरोप घेऊन डोंगर उतरायला निघाला, आणि वृद्ध गुरू त्याला पोचवायला निघाले.

उत्तरेकडच्या उंच पर्वतांत त्यांचा लहानसा आश्रम होता. दोघेही मूळचे गोदाकाठचे, त्यामुळे पठण संस्कृतात झाले तरी चुलीपाशी बोलणे मराठीतच चाले. शिष्याचे वडील अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला होता. शेत होते, धाकटी भावंडे होती. आता घर त्यालाच सांभाळायचे होते, आणि हा दूरचा डोंगर पुन्हा चढणे होणार नाही हे त्याला कळत होते. गुरूंचे वय पाहता, चढला तरी इथे कोण भेटेल हा प्रश्नच होता.

आपल्याकडे जुनी रीत आहे की जिवलग माणसाला पाण्यापर्यंत पोचवावे आणि तिथून मागे फिरावे. आश्रमापासून पहिले पाणी म्हणजे खिंडीपलीकडचे तळे. तेवढे पोचवून दुपारच्या आत परतायचे, असे गुरूंनी निघताना सांगितले होते.

शरदातला दिवस होता. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ होते, उतारावरचे गवत तांबूस झाले होते आणि वरच्या शिखरांवर नवे बर्फ दिसत होते. पहिली खिंड ओलांडून दोघे तळ्याशी आले. शिष्याने पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला, "जातो, गुरुजी."

गुरूंनी आशीर्वाद दिला. मग तळ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "हे पावसाचे साठलेले दिसते. उन्हाळ्यात आटत असेल. याला पाणी म्हणवत नाही. पुढच्या तळ्यापर्यंत येतो."

शिष्याला बरेच वाटले. वाटेत गुरूंनी त्याला वडिलांच्या दुखण्यावरचे काढे सांगितले, धाकट्या भावावर ओरडू नकोस असे बजावले, आणि आश्रमात पहिल्या दिवशी त्याने भाताची कशी खळ केली होती त्याची आठवण काढून मनमुराद हसले.

दुसऱ्या तळ्याचा काठ ओला होता. शिष्याने तिथेच गुडघे टेकले आणि पुन्हा म्हणाला, "जातो, गुरुजी." गुरूंनी त्याच्या धोतराला लागलेला चिखल पाहिला. असल्या काठावर कुणी निरोप घेते का, असे म्हणून ते काठी टेकत पुढे चालू लागले.

तेवढ्यात समोरून एक मेंढपाळ सोबत्यासह कळप घेऊन उतरला. थंडीसाठी तो आश्रमाच्याच दरीत निघाला होता. त्याने हात जोडले आणि सांगितले की संध्याकाळी बर्फ पडेल, मग पहिल्या खिंडीतली वाट दिसायची नाही. ज्याला मागे फिरायचे आहे त्याने आत्ताच सोबत यावे. गुरू त्याला म्हणाले, "तू हो पुढे, मी आलोच." आणि चढू लागले दुसऱ्या खिंडीकडे.

आता मात्र शिष्याला काळजी लागली. म्हातारे शरीर, परतीची चढण, वर बर्फ. परत फिरा म्हणून त्याने विनवले, रागावूनही पाहिले. गुरूंनी काही ऐकले नाही. ते दहा पावले चालत, थांबून दम खात, आणि पुन्हा चालत. एकदा शिष्याने आधाराला हात दिला, तर तो त्यांनी खिंड ओलांडेपर्यंत सोडला नाही.

खिंडीपलीकडे तिसरे तळे होते. मोठे, निळे, तळाचा खडा दिसावा इतके नितळ. शिष्याला रडू आवरेना. तो म्हणाला, "गुरुजी, आता या पाण्यात कोणती खोट काढाल?"

"खोट पाण्यात नाही," गुरू खडकावर बसत म्हणाले. "पहिल्या तळ्यातही नव्हती. तू 'जातो' म्हणालास, म्हणून माझा पाय मागे फिरेना."

शिष्याच्या घरी भाजी आणायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणून उंबरा ओलांडत असे. ते काय त्याला ठाऊक नव्हते? मुद्दामच त्याने तो शब्द टाळला होता. तो म्हणाला, "खोटे बोलू नये हे तुम्हीच शिकवलेत. मी पुन्हा येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मग 'येतो' कसे म्हणू?"

गुरूंनी त्याला जवळ बसवले.

"अरे, मी तुझ्याकडे वचन मागत नाही. माणूस दुसऱ्याच्या घरी जातो आणि आपल्या घरी येतो. पाय कुठेही असोत, ज्या जागेविषयी 'येतो' असे तोंडातून निघते, ती त्याची आपली जागा. तू परत येशील की नाही, हे मला नको सांगूस. इथले तुझे घर मोडून निघाला आहेस की नाही, एवढेच मला ऐकायचे होते. आणि दुसरे एक खरे सांगतो. मलाही तुला सोडवत नव्हते."

पलीकडच्या शिखरावर ढग उतरू लागले होते. शिष्य उठला. त्याने तिसऱ्यांदा पायांवर डोके ठेवले, बराच वेळ ठेवले, आणि म्हणाला, "येतो, गुरुजी."

"ये," गुरू म्हणाले, आणि त्याच पावली मागे फिरले.

शिष्य तळ्याकाठी उभा राहून ती पाठमोरी आकृती पाहत राहिला. खिंडीच्या माथ्यावर कुणीतरी बसलेले दिसत होते. 'आलोच' या शब्दावर विसंबून मेंढपाळ कळप सोबत्याच्या हवाली करून परत वर आला होता. त्याने पुढे होऊन म्हाताऱ्याचा हात धरला आणि दोघे खिंडीपलीकडे उतरले. मग शिष्याने डोळे पुसले आणि आपली वाट धरली.

आपल्या उंबऱ्यावरून कुणी 'येतो' म्हणाले, तर 'कधी?' असे विचारू नये. 'ये' म्हणावे.