पाठमोरी घरं

डोंगराच्या पायथ्याशी एक होता तातोबा चितारी आणि एक होता त्याचा शिष्य हैबती. हैबती परगावचा. पदरात म्हातारी आई, बायको सारजा आणि रांगतं पोर. देवीच्या मंडपाची भिंत रंगवायला मिळाली तर ही माणसं गावात टिकणार. नाहीतर पुन्हा दुसरा गाव बघा.

तर या हैबतीनं कापडावर अख्खा डोंगर काढला. कडे, झरे, उतारावर सात घरं. मान ताठ करून विचारतो कसा,

"बाबा, आता तरी भिंत माझी ना?"

तातोबा बघत राहिला…

"मला काय विचारतोस? मी खाली राहतो."

डोंगरावरची चांगुणाबाई मध विकायला आली होती. तातोबानं तिला आत बोलावलं. तिनं डोक्यावरचं गाडगं उतरवलं, चित्राला नाक लावलं आणि हसायलाच लागली.

"अगं बाई! सगळ्यांची दारं दरीकडं? पावसाची झड सरळ चुलीत की रे! आमची दारं डोंगराकडं असतात, लेका. दरीला आम्ही पाठ दावतो."

आता खालनं बघणाऱ्याला घरं म्हणजे नुसते ठिपके. दारं हैबतीनं मनानंच काढलेली, शोभेला. तरी ऐकतोय कुठं!

"आजी, पाठमोरं गाव कोण बघणार?"

"मग तूच ऱ्हा जा त्यात."

तातोबा उठला. चित्राकडं पाठ करून बसला आणि पान लावू लागला…

हैबतीनं रंगाच्या वाट्या आपटल्या. पण दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईच्या मागं मागं डोंगर चढला. चार दिवस तिच्या घरी राहिला. बाहेर वारा नुसता गर्जायचा, आणि आत दिव्याची वात हलायची नाही.

खाली आला आणि सातही दारं पुसली. त्या जागी गवतानं झाकलेल्या मागच्या भिंती काढल्या, छपरांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढले.

बाजाराच्या दिवशी चांगुणाबाई पुन्हा आली. चित्रापुढं उभी राहिली. एकेक घर निरखू लागली…

मग एकाएकी तिसऱ्या घराकडं बघून ओरडली,

"अगं ए सूनबाई, दूध बघ, उतू जाईल!"

आणि जीभ चावली.

हैबतीनं भीत भीत तातोबाकडं पाहिलं. या खेपेला भिंतीचं नाव काढलं नाही.

तातोबा म्हणाला, "घरी जा. सारजेला म्हणावं, परसात शेवगा लाव."