गळ्यातली टकटक

सागाच्या एका दाट जंगलात एक साळुंकी राहत असे. कोणाचाही आवाज एकदा ऐकला की ती तो हुबेहूब काढी. त्याच जंगलात एक म्हातारा सुतारपक्षी तरुण पाखरांना झाडाची पारख शिकवी. चोचीने खोड ठोकायचे आणि ते आतून भक्कम आहे की किडलेले, हे आवाजावरून ओळखायचे. पहिल्या दिवशी त्याने विचारले, "कशासाठी शिकायचंय?" पोपट म्हणाला, "साप चढणार नाही अशी उंच ढोली शोधायला." पिंगळा म्हणाला, "मला दिवसा झोपायला अंधारी ढोली हवी." साळुंकी चटकन पोपटाच्याच आवाजात म्हणाली, "मलाही उंच ढोली!" सगळे हसले. तीही हसली.

परीक्षेच्या दिवशी साळुंकीने आपल्या खोडापुढे मान हलवत सुरेख टकटक ऐकवली. म्हणाली, "भक्कम आहे, गुरुजी." खोड तर आतून पार पोखरलेले होते. सुतारपक्षी म्हणाला, "बाई गं, तुझी चोच लाकडाला लागलीच नाही. ही टकटक गळ्यातली. माझाच आवाज मला ऐकवतेस? आठ दिवसांनी ये. तेव्हाही हेच केलंस, तर तुझं शिक्षण संपलं."

पाखरे उडून गेली. साळुंकी मात्र तिथेच बसून राहिली. "गुरुजी, मला उंच ढोली नकोच होती."

"मग काय हवंय?"

या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या आवाजात द्यावे, हेच तिला कळेना. शेवटी ती स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मागल्या साली मी घरट्यासाठी निवडलेली फांदी किडकी निघाली. वाऱ्यात मोडली. माझी दोन अंडी गेली. पुन्हा तसं व्हायला नको."

"मग एवढ्यासाठीच शीक," सुतारपक्षी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती झाडामागून झाड ठोकू लागली. चोच हुळहुळली, तरी थांबेना. "काय गं, गळा बसला वाटतं?" पोपट चिडवी. तिचा कान लाकडाकडे असे.

आठव्या दिवशी गुरुजींनी नवे खोड दाखवले. साळुंकीने खाली ठोकले, मग वर सरकून ठोकले, पुन्हा खाली आली. "बुंधा भक्कम आहे, गुरुजी. पण दोन वीत वर कीड लागलीय, ती खाली सरकतेय. आज टिकेल. पिल्लं उडेपर्यंत नाही टिकणार."

सुतारपक्ष्याने स्वतः वर जाऊन ठोकून पाहिले. "भक्कम की किडलेलं, एवढंच मी विचारलं होतं," तो म्हणाला. "पिल्लं उडेपर्यंतचं तर मी शिकवलंच नव्हतं. जा बाई, पास झालीस."

तात्पर्य : ध्येय दुसऱ्याचे उसने घेतले तर विद्या ओठांवरच राहते; आपल्याला ती कशासाठी हवी हे उमगले, की शिकवल्यापेक्षाही जास्त येते.