ताम्रकेशाचा तांबेरा

एका राज्यात गव्हाच्या प्रत्येक पानाला शेकडो दारे होती आणि दर दारापाशी मोहरीएवढा पहारेकरी उभा असे. त्या दारांतून पान श्वास घेई. वैरी आला की पहारेकरी घंटा वाजवी, आणि सारे पान वैऱ्यावर विष ओती. त्या राज्यात पीक कधी बुडाले नव्हते.

राजा यशोधराने ताम्रकेश मांत्रिकाला दरबारातून हाकलले, कारण त्याने शेजारच्या भुकेल्या राज्यावर चालून जाण्याचा सल्ला दिला होता. सीमेवर उभे राहून ताम्रकेशाने मूठभर लाल धूळ फुंकली. म्हणाला, "तुझ्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत तुझे शेत खाईन."

आठ दिवसांत पानांवर तांबड्या पुळ्या उठल्या. घंटा एकही वाजली नाही. दोन वर्षे ओंब्या पोकळ निघाल्या, आणि आया गवताचे बी दळून लेकरांना भरवू लागल्या.

राजकन्या कुमुद्वती शेतात जाऊन उभी राहिली. तेव्हा बांधावरचा चंडोल बोलला, "राजकन्ये, तीन गोष्टी कर. वैरी आत कसा शिरतो ते पाहा. पहारेकऱ्याचे काय करतो ते जाणून घे. आणि जो गहू त्याला ओळखतो, तो शोध."

त्याने तिच्या ओंजळीत एक दवबिंदू ठेवला. तो पिताच ती मोहरीएवढी झाली आणि पानावर चढली.

तिने पाहिले. धुळीचा एक कण दवात भिजला, त्याला धागा फुटला. धागा चाचपडत दारापर्यंत गेला, दारावर दबा धरून बसला आणि जोर लावून आत घुसला. पहारेकऱ्याने घंटेकडे हात नेला, तोच वैऱ्याने घंटेच्या लोलकावर बोट ठेवले. घंटा मुकी झाली. मग त्याने दाराआडच्या दालनातले काही मोडले नाही, काही जाळले नाही. तो तिथेच बसून जेवू लागला.

"तू त्याला मारत का नाहीस?" कुमुद्वतीने विचारले.

"घंटा वाजल्यावाचून पान विष ओतत नाही," पहारेकरी म्हणाला.

चंडोलाने तिला पाठीवर घेऊन मेघगिरीवर नेले. तिथे खडकांत रानगहू उगवत असे, बारीक ओंब्यांचा, काटेरी. त्याच्या दारापाशी एक वृद्ध पहारेकरीण होती.

"आजी, तुमची घंटा कशी वाजते?"

"वाजत नाही, पोरी. आम्ही घंटेवरचे बोट ओळखतो. ते दिसले की दार लावून दालन आतून पेटवतो. त्याला जिवंत घरातच जेवता येते. मेलेल्या घरात तो उपाशी मरतो."

"आणि तुम्ही?"

"आम्ही त्याच घरात असतो."

 कुमुद्वतीने रानगव्हाचे पराग ओटीत घेतले. चंडोलाने तिला परत आणले, आणि शेतात पाय टेकताच ती पूर्ववत झाली. तिने राजाला शेतावर बोलावून सारे सांगितले. राजाची मान खाली गेली.

"कुणाला मर म्हणून मी कसे सांगू?"

जवळच्या पानावरून पहारेकऱ्याचा बारीक आवाज आला. "महाराज, सांगू नका. फक्त शिकू द्या."

दोन्ही गव्हांचे लग्न लागले. नवे बी पेरले गेले, शेत हिरवे झाले. ताम्रकेशाने पुन्हा धूळ फुंकली, आणि या वेळी त्याने आपला प्राणही तिच्यात घातला. धागे दारांतून शिरले. बोटे घंटांवर टेकली. त्याच क्षणी हजारो दारे आतून लागली, आणि पानापानावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका उमटला. ठिपक्याभोवतीचे पान हिरवेच राहिले. तिसऱ्या दिवशी सीमेवर ताम्रकेश भुकेने कोसळला, त्याची लाल धूळ झाली आणि वाऱ्याने ती खडकांवर नेऊन टाकली.

त्या वर्षी ओंब्या भरल्या. कापणीला आलेली एक बाई ठिपक्यांचे पान खुडायला वाकली. कुमुद्वतीने तिचा हात धरला.

"राहू दे, बाई. तिथे कुणीतरी दार लावून घेतले आहे."

बाईने विळा खाली ठेवला आणि त्या पानाला हात जोडले.