पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

“भंते, नागपूरहून नऊ कॉम्प्युटर घेऊन आलोय… आणि तुम्ही विचारताय, चालतात का?”

संघपाल खोब्रागडे हसत म्हणाला. नागपुरातल्या एका मोठ्या कंपनीत तो साहेब होता. हाताखाली साठ इंजिनिअर. गाव मात्र पवनीजवळचं, वैनगंगेच्या काठावरचं. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर टेम्पोत भरून त्याने गावच्या विहारात आणले होते.

भंते शीलरत्न पायरीवर उभे होते. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ.

“मग, चालतात?”

“आधी फोटो काढून घेऊ, भंते. मला दुपारी परत निघायचंय.”

भंतेंनी एक कॉम्प्युटर उचलला, आतल्या खोलीत नेला, वायर जोडली, बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

मग दुसरा. तिसरा…

नऊच्या नऊ बंद.

संघपालचा चेहरा उतरला. “तीन वर्षं गोदामात पडून होते. जागा रिकामी करायची होती. पण दान म्हणून दिलंय, तर…”

“माझ्या पात्रात लोक घरातलं उरलेलं अन्न घालतात,” भंते म्हणाले. “मी आनंदाने खातो. नासलेलं कुणी घालत नाही.”

“मग परत नेतो.”

“कुठं?”

परत नेऊन ते भंगारातच जाणार होते, हे दोघांनाही माहीत होतं.

“इकडे ये,” भंते म्हणाले.

विहाराच्या मागच्या ओट्यावर एक बाई पाठमोरी बसली होती. मांडीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेनाने आखलेला कीबोर्ड, एकेका चौकोनात एकेक अक्षर. मधल्या ओळीतली अक्षरं बोटांनी पुसून गेली होती. समोर एक जुनं वर्तमानपत्र उघडं ठेवून ती त्या पुठ्ठ्यावर भराभर बोटं मारत होती. टक-टक आवाजही नाही… नुसती बोटं.

“ही उत्पला गजभिये. विड्या वळते. दोन मुली आहेत. अकरा दिवसांनी भंडाऱ्याला तिची मराठी टायपिंगची परीक्षा आहे.”

“आणि सराव… यावर?”

“आठ महिने.”

उत्पलाने मागे वळून पाहिलं आणि पुठ्ठा पदराखाली झाकला. “पाहू नका, भाऊ. मले लाज वाटते.”

“येतं का टायपिंग?” संघपालने विचारलं.

“कसं सांगू? बोटं तर पळतात. पण बरोबर पडते का चूक, ते आजवर कधी दिसलंच नाही.”

संघपाल बराच वेळ त्या पदराकडे पाहत राहिला.

खोलीत परतल्यावर भंतेंनी त्याच्या हातावर एक स्क्रूड्रायव्हर ठेवला.

“भंते, मी पंधरा वर्षांत हे हातात धरलेलं नाही. उद्या माझी माणसं पाठवतो.”

भंते दारात जाऊन बसले. डोळे मिटले.

संघपालने टेम्पोवाल्याला फोन केला, आज निघायचं नाही म्हणून सांगितलं. मग बाह्या सरसावल्या.

पहिला कॉम्प्युटर उघडला, तर आत धुळीचा जाड थर. ब्रशने झाडला, तरी बंद. दुसऱ्याच्या आत झुरळांनी घर केलेलं. तिसऱ्याचा वीजपुरवठ्याचा डबाच जळालेला. घाम गळून चष्म्यावर आला. बोटाला पत्रा लागला. कॉलेजात असताना एका सरांनी शिकवलेलं आठवलं, म्हणून त्याने शेजारच्या घरातून एक खोडरबर मागून आणला. पहिल्या कॉम्प्युटरची मेमरीची पट्टी काढली, तिची पिवळी टोकं घासघासून चकचकीत केली, परत बसवली. आतल्या घड्याळाचा छोटा सेल दुकानातून आणून बदलला.

बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा उजळला.

“भंते!” संघपाल ओरडला. साठ इंजिनिअरांचा साहेब अक्षरशः नाचत होता. “चालू झाला! उत्पलाताईंना बोलवा!”

उत्पला आली. खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली. भंतेंनी वर्तमानपत्रातला मजकूर सावकाश वाचायला घेतला. तिने डोळे मिटले, आणि तिची बोटं चालू लागली.

पडद्यावर शब्द उमटू लागले. ओळीमागून ओळ.

भंते वाचायचे थांबले, तेव्हा तिने डोळे उघडले. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. अख्ख्या पानात चुका दोन.

“हे… मी लिवलं?”

संघपालने घड्याळ पाहिलं, शब्द मोजले. “मिनिटाला चौतीस शब्द, ताई! परीक्षेला तीसच लागतात.”

उत्पला मोठ्याने हसली. तोवर ओट्यावर विड्या वळायला जमलेल्या बायका सुपं बाजूला ठेवून धावत आल्या. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी तिच्या गालावरून हात फिरवला. पडद्यावरची ओळ एकीने बोट ठेवून मोठ्याने वाचली, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संघपालने सात कॉम्प्युटर सुरू केले. उरलेल्या दोन कॉम्प्युटरचे कामाचे भाग त्याने त्या सातांत घातले होते; त्यांचे सांगाडे खोलीतच राहिले. जळके डबे आणि संपलेले सेल गोणीत भरून तो नागपूरला घेऊन गेला. तिथे असा कचरा नीट मोडून घेणारा कारखाना होता. फोटोचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

दोन महिन्यांनी तो परत आला. या वेळी टेम्पोत बारा कॉम्प्युटर होते. प्रत्येक त्याने स्वतः उघडून, पुसून, चालवून पाहिलेला. सोबत ऑफिसातले चार जणही आले होते.

उत्पला पास झाली होती. आता विडीकामानंतर तीच खोलीत नऊ बायकांना शिकवत होती. नऊ बायका… नऊ पडदे. सगळे उजळलेले.

संघपाल दारातच थबकला. “पण दोन तर मेलेले होते! कुणी सुरू केले?”

“भंतेंनी,” उत्पला म्हणाली. “भिक्षेला गेले, तवा पवनीच्या दुरुस्तीवाल्याकडून जुने डबे अन् कमी पडलेले भाग मागून आणले. एका सकाळीत बसवले. चीवर घ्यायच्या आधी ते टेलिफोनच्या कारखान्यात होते ना, भाऊ. तुम्हाले माहीत नव्हतं?”

संघपाल ओट्यावर गेला. भंते झाडाला पाणी घालत होते. त्याने वाकून वंदन केलं.

“भंते, तुम्हाला सगळं येत होतं… मग त्या दिवशी मला का बसवलंत?”

भंतेंनी लोटा खाली ठेवला.

“मी बसलो असतो, तर नऊच सुरू झाले असते.”