गुणगुणणारा निळा रांजण

एक होता रांजण. राजा नाही हं, आज रांजण. राजाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आधी पाय आत घ्या आणि पांघरुणाची ओढाओढ बंद करा, म्हणजे पुढं सांगते.

तर हा रांजण होता नागो रंगाऱ्याच्या अंगणात, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आत निळीचं पाणी. नागोला एकुलती एक लेक, बकुळा. आई नव्हती बिचारीला. आता निळीचं पाणी म्हणजे दह्यासारखंच, बरं का. ते जिवंत असतं. त्याला चुना द्यायचा, गूळ चारायचा, हलक्या हातानं ढवळायचं. आणि कितीही कापड रंगवायचं असलं, तरी तळाचं पाणी उपसायचं नाही. तेच पुढच्या रंगाचं विरजण. आणि वास? नाकाला पदर लावावा असा वास. पण तो वास येतो तोवरच रांजण जिवंत.

नागो रोज दिवेलागणीला रांजण ढवळायचा आणि ढवळता ढवळता गुणगुणायचा. शब्द नाहीत, नुसता सूर. मग एका वर्षी नागो तापानं गेला. बकुळा रडून रडून अर्धी झाली. एके संध्याकाळी ती रांजण ढवळायला बसली, आणि काय झालं? रांजण गुणगुणायला लागला! तोच सूर, तोच बाबांचा आवाज. मग ती रोज संध्याकाळी काठावर कान टेकून बसायची. ते ऐकल्यावरच घास घशाखाली उतरायचा.

पण रंग काही बकुळाला नीट जमेना. कधी फिका, कधी डागाळलेला. गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. शिकवायला कुणीतरी हवं होतं. गावाच्या टोकाला राहीमावशी नावाची म्हातारी रंगारीण होती. पण तिच्या दारात एक फडकं टांगलेलं असायचं, चिखलाच्या रंगाचं, तिच्याच हातून बिघडलेलं. रंगारणीनं दारात बिघडलेलं कापड लावायचं म्हणजे काय! लोक हसायचे. बकुळाला वाटायचं, हिच्याकडे काय शिकायचं?

आणि नेमका तेव्हाच गावात आला रंगसिद्ध गुरू. पुढं ताशा, मागं बैलगाडी, गाडीवर डाळिंबी रंगाचं लांबच लांब कापड. असं डाळिंबी, की बघतच राहावं.

"हे माझ्या शिष्येनं रंगवलंय," गुरू म्हणाला. "माझं ऐकलं म्हणून." मग बकुळाकडे वळला. "पोरी, तुझ्या बापाचं नाव राजवाड्यापर्यंत पोचवीन. तू फक्त तीनदा हो म्हण."

बापाचं नाव काढलं आणि बकुळा विरघळली. हसू नका रे. पोरक्या पोरीशी कुणी तिच्या बापाबद्दल गोड बोललं, की ती त्याच्यामागून कुठंही जाईल.

मग गुरूनं पहिली गोष्ट सांगितली. "हा घाण वास घालव. रांजणात अत्तर ओत."

राहीमावशी कुंपणापाशी आली. "बकुळे, नको गं. त्याला श्वास घेऊ दे."

"मावशी, आधी तुमच्या दारातलं फडकं काढा," बकुळा म्हणाली. मावशी आल्या पावली परत गेली.

अत्तर ओतलं. अंगणभर गुलाब दरवळला. लोक जमले, वाहवा झाली. संध्याकाळी रांजण गुणगुणला, पण जरा घोगरा, पडसं झाल्यासारखा.

मग गुरूनं दुसरी गोष्ट सांगितली. "किती हा संथपणा! रांजणाभोवती खणून जाळ घाल."

मावशी पुन्हा आली. "भाजतंय गं त्याला."

बकुळानं तिच्याकडे पाठ फिरवली. जाळ घातला. पाणी कसं गडद झालं, मोराच्या मानेसारखं! पण संध्याकाळी आवाज इतका बारीक आला, की बकुळाला श्वास रोखून ऐकावा लागला. ती घाबरली. गुरूला म्हणाली, "बाबांचा आवाज जातोय."

गुरू हसला. "राजवाड्यात नाव दुमदुमलं की रांजणही दुमदुमेल."

मग आली तिसरी गोष्ट. "सगळं पाणी उपस, तळापर्यंत. एकच कापड रंगव, पण असं की राणीची नजर हलू नये."

बकुळाचा हात थबकला. तळाचं पाणी! बाबांनी कधी त्याला हात लावू दिला नव्हता. मावशी या वेळी धावत आली आणि अंगणातच बसली. "हात जोडते तुझ्यापुढं. तांब्याभर तरी ठेव."

बकुळानं गुरूकडे बघितलं. तो एवढंच म्हणाला, "विश्वास नाही वाटतं?"

आणि बकुळानं उपसलं. सगळं उपसलं.

कापड बाहेर आलं तेव्हा हिरवं होतं. मग त्याला वारा लागला आणि ते निळं होत गेलं, होत गेलं. तसं निळं त्या गावानं पुन्हा कधी बघितलं नाही. गुरूनं ते गुंडाळलं. म्हणाला, "राणीला दाखवून येतो."

दिवेलागण झाली. बकुळानं काठावर कान टेकला. काही नाही. "बाबा," तिनं हाक मारली. आतून तिचीच हाक परत आली. मग वेड्यासारखी तिनं बाबांचं पांढरं उपरणं आणलं आणि तळाच्या गाळात बुडवलं. त्याला तरी रांजण ओळखेल म्हणून. उपरणं बाहेर आलं चिखलाच्या रंगाचं. ते पोटाशी धरून ती तिथंच बसून राहिली. मला इथं नेहमी जरा थांबावं लागतं. थांबा हं.

हं. तर गुरू काही परत आला नाही. एक बांगड्या विकणारा कासार तेवढा आला. तो म्हणाला, "पलीकडच्या गावात एक गुरू उतरलाय. गाडीवर काय निळं कापड आहे! म्हणतो, माझ्या शिष्येनं रंगवलंय."

बकुळाला ते डाळिंबी कापड आठवलं. कुठल्या पोरीनं रंगवलं होतं ते? तिच्या रांजणात कोण गुणगुणत होतं?

सकाळी ती उठली आणि मावशीच्या दारात जाऊन उभी राहिली, त्या फडक्यासमोर. मावशीनं एका शब्दानंही टोचलं नाही. म्हणाली, "मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझाही रांजण असाच मेला, माझ्या घाईनं. जो विचारायला येईल त्याला आधी हे दिसावं, म्हणून टांगलंय. तेव्हा तुझ्या आजोबांनी मला तुमच्याच रांजणातलं तांब्याभर पाणी दिलं होतं. घे हा तांब्या, त्याच विरजणातलं पाणी आहे."

मग बकुळा शिकायला लागली. हळूहळू. पुन्हा चुना, पुन्हा गूळ, पुन्हा तो वास. लोक नाक दाबून जायचे. जाऊ देत. रांजण जगला. रंगही चांगला यायला लागला.

आणि आवाज? तुम्हाला वाटलं असेल, आता येईल. मलाही लहानपणी वाटायचं. नाही आला गं. तो गेला तो गेला. रोज संध्याकाळी बकुळा कान टेकायची, मग उठून काठी घ्यायची आणि स्वतःच तो सूर गुणगुणत ढवळायची. तिच्याशिवाय तो आता कुणाला येत होता?

मावशी थकली आणि एक दिवस गेली. बकुळाचे केस पिकले. तिनं आपल्या दारात बाबांचं ते उपरणं टांगलं होतं. लोक हसायचे. मग एकदा लांबच्या गावाहून एक बाई आली. तिची नखं डाळिंबी होती, गुरूच्या गाडीवरच्या त्या कापडासारखी. उपरण्यासमोर ती कितीतरी वेळ उभी राहिली आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागली.

बकुळा सरकली, रांजणापाशी जागा केली आणि काठी त्या बाईच्या हातात दिली. मग त्या दोघी सुखानं राहिल्या. जमेल तेवढ्या सुखानं.

तिकडं रांजणावर झाकण पडलं, इकडं तुमच्या डोळ्यांवर पापण्या पडू देत. झोपा आता.