राजाचं दगडी बोट

एक होता राजा, आणि त्याला एक बोट होतं. बोटं तशी त्याला तुमच्याआमच्याइतकीच होती, बरं का. पण ही गोष्ट त्यातल्या एकाच बोटाची आहे. उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या.

राजाचं नाव भद्रसेन. तसा तो दुष्ट नव्हता. मोठ्याने हसायचा, पोटभर जेवायचा, कुत्र्यांचे लाड करायचा. एवढंच की त्याला कुणी 'थांबा' म्हटलेलं खपायचं नाही. त्याने बोट दाखवून 'जा' म्हटलं की माणसाने जायचं, 'आण' म्हटलं की आणायचं. लहानपणापासून सगळे तसं करत आले होते. त्यामुळे त्याला वाटायचं, जग असंच चालतं.

राजवाड्याखालून नदी वाहायची. एकदा काय झालं, नदीला पूर आला. गढूळ लाल पाणी, झाडंच्या झाडं वाहून चाललेली. आणि अशा वेळी पलीकडच्या काठावरून पिकल्या फणसाचा वास आला. राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. मग तो उठला, तडक काठावर गेला आणि त्याने नावाड्याला बोलावलं.

नावाडी नदीकाठच्या ख्रिस्ती वस्तीतला. वस्ती म्हणजे मूठभर घरं आणि मधोमध चुन्याने पांढरा केलेला क्रूस. नावाड्याने पाण्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "महाराज, जरा थांबा. पूर ओसरू द्या. मग हवे तेवढे फणस आणतो."

"फणस आज पिकलाय," राजा म्हणाला.

"असू द्या की. फणसाला कुठं पाय आहेत?"

काठावरची माणसं हसली. ते हसणं राजाला झोंबलं. त्याने बोट नदीकडे केलं आणि म्हणाला, "जा."

मग नावाडी गेला. नाव पलीकडे लागली, तेही सगळ्यांनी पाहिलं. परत निघाली, तेही पाहिलं. मधल्या भोवऱ्यापाशी आली आणि मग दिसेनाशी झाली. सगळे नुसते बघत राहिले. थोड्या वेळाने पाण्यावरून काहीतरी हेलकावे खात आलं आणि राजाच्या पायाशी लागलं. तो फणस होता. नाव आली नाही. नावाडी आला नाही. फणस तेवढा आला.

राजा हात खाली घ्यायला गेला. हात खाली आला, पण बोट काही मिटेना. त्याने दुसऱ्या हाताने चाचपून पाहिलं. बोट गारठलेलं होतं. त्याने नखाने वाजवून पाहिलं, तर टक टक आवाज आला. बोट दगडाचं झालं होतं.

मग राजवाड्यात काय गोंधळ उडाला म्हणता. राजाचं बोट सदा कुणाकडे तरी रोखलेलं. राजा जेवायला बसला, बोट वाढप्याकडे झालं, वाढपी पातेलं टाकून पळाला. राजा खिडकीत उभा राहिला, बोट माळ्याकडे झालं, माळी बिचारा कुदळ घेऊन दुसऱ्या गावाला निघून गेला. हसू नका, राजाला हसू येत नव्हतं. कारण दगड वर सरकत होता. एका बोटाची सगळी बोटं झाली, मग तळवा, मग मनगट. वैद्यांनी लेप लावले, गरम तेलं चोळली. दगडाला तेल चोळून काय होणार?

मनगटाशी मात्र दगड थांबला. का थांबला, कुणाला कळेना. फक्त रोज तिन्हीसांजेला राजाच्या हातातून एक कळ निघायची, पाय बधिर होऊन जागा होताना निघते ना, तशी.

मग एक दिवस हैबती पहारेकरी भीत भीत म्हणाला, "महाराज, नावाड्याची बायको आहे, रिबका. ती रोज तिन्हीसांजेला क्रूसापाशी दिवा लावून बसते आणि तुमचं नाव घेते."

"तरीच," राजा म्हणाला. "शाप देते बया. जा, काय म्हणते ते ऐकून ये."

हैबती गेला, झाडामागे उभा राहिला आणि परत आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"महाराज, ती शाप देत नाही. ती म्हणाली, देवबापा, राजाला आज झोप लागू दे."

राजा हबकला. पुराच्या त्या दिवसापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि ही गोष्ट त्याने राणीलासुद्धा सांगितली नव्हती. "तुला ऐकू कमी येतं," तो हैबतीला म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्रधानाला धाडलं.

प्रधान परत आला तो मान खाली घालून.

"बोला," राजा म्हणाला.

"महाराज, ती म्हणाली, राजाचा हात ठणकत असेल, तर त्याची कळ कमी कर. मग मधेच थांबली. म्हणाली, देवा, त्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं की माझी जीभ उचलत नाही. मग खूप रडली. मला वाटलं, आता शाप देईल. तर डोळे पुसून म्हणाली, तरी पण बरं कर त्याला."

"ढोंग आहे," राजा म्हणाला.

"कुणासाठी करेल ढोंग? तिला माहीतच नव्हतं मी तिथे आहे."

मग तिसऱ्या दिवशी राजा स्वतः गेला. घोंगडी पांघरली, हाताला फडकं गुंडाळलं आणि झाडामागे उभा राहिला. रिबका आली. दिवा लावला. गुडघे टेकले. आणि म्हणाली, "देवबापा, राजाला अन्न गोड लागू दे."

राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. कारण पूर आला त्या दिवसापासून त्याला प्रत्येक घास मातीसारखा लागत होता. तो मागच्या मागे निघाला आणि धावत सुटला, घोंगडी कुठे पडली तेही त्याला कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, चांगलंच मागत होती की ती, मग घाबरायचं कशाला? पण राजा शापाला एवढा घाबरला नसता. शाप त्याला समजत होता. कुणी दगड मारला तर आपण दगड मारायचा, हे त्याला येत होतं. हे असं काही त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचा थरकाप उडणार नाही तर काय? आणि पुन्हा ती रोजची कळ. त्याने मनाशी पक्कं केलं, गोड बोलून चेटूकच करते ही. मग त्याने हुकूम सोडला: यापुढे रिबकाने तिन्हीसांजेला राजाचं नाव घ्यायचं नाही, मोठ्याने नाही आणि मनातही नाही.

हैबतीने जाऊन तसं सांगितलं. परत आला तेव्हा राजाने विचारलं, "रडली?"

"नाही महाराज. म्हणाली, सुटले बाई. मला तरी कुठं हौस होती? जेवली आणि आडवी झाली."

राजा खूश झाला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांज झाली. कळ आली नाही. "बघा," राजा प्रधानाला म्हणाला, "चेटूक उतरलं." आणि हात धुवायला म्हणून तो कोपर वाकवायला गेला. कोपर वाकेना. राजाने वाजवून पाहिलं. टक टक. तो बघतोय तोवर दगड दंडात शिरला. दंडातून खांद्यात गेला.

आता कुठे राजाला उमगलं. दगड थोपवून धरणारी ती कळच होती. रोज तिन्हीसांजेला ती बाई त्याचं नाव घ्यायची, आणि तेवढ्यावर दगड मनगटाशी अडून राहायचा. आणि तिचं तोंड कुणी बंद केलं? त्याने स्वतः.

"पालखी," राजा ओरडला.

पालखी निघाली, मागोमाग प्रधानही. भोई घामाघूम झाले, दगडाचं ओझं काय कमी असतं? रिबका दारात जाळं नीट करत बसली होती. तिने वर पाहिलं. पालखीतून आधी बोट बाहेर आलं, मग राजा.

"तू पुन्हा सुरू कर," राजा म्हणाला. "लगेच."

रिबका उठली नाही. "बोट बघा तुमचं," ती म्हणाली. "अजून हुकूमच सोडतंय. हुकमाने जाळं विणता येतं, महाराज. प्रार्थना नाही होत."

प्रधानाला वाटलं, संपली आता ही. पण राजाने तसा हुकूम केला नाही. दगड त्याच्या मानेशी आला होता.

मग त्याने हळूच विचारलं, "मग आजवर का करत होतीस?"

"पहिल्या दिवशी शाप द्यायलाच बसले होते," रिबका म्हणाली. "तुमचं नाव घेतलं, आणि समोर क्रूस. आमच्या प्रभूला खिळे ठोकले, तेव्हा त्याने ठोकणाऱ्यांसाठी माफी मागितली. त्याच्यासमोर बसून मी कुठल्या तोंडाने शाप मागू? मग वाटलं, काय मागावं? मला झोप लागत नव्हती, घास गोड लागत नव्हता. म्हटलं, तुम्हालाही लागत नसणार. मग तेच मागितलं."

"म्हणजे तू मला माफ केलंस?"

"सकाळी उठते तेव्हा केलेलं नसतं. दुपारी तर बघायलाच नको. तिन्हीसांजेपर्यंत कसंबसं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून." तिने जाळ्याची एक गाठ घट्ट केली. "महाराज, मी रोज तुमचं नाव घेतलं. माझ्या नवऱ्याचं नाव काय होतं, सांगाल?"

राजाने तोंड उघडलं. तो प्रधानाकडे बघायला गेला, तर मान वळेना. त्याला नाव माहीत नव्हतं. ज्या माणसाला त्याने मरायला धाडलं, तो त्याच्या लेखी नुसता नावाडी होता. एवढा धक्का त्याला दगडाचासुद्धा बसला नव्हता.

"याकोब," रिबका म्हणाली.

"याकोब," राजा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "याकोबाने मला थांबा म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. एका फणसासाठी मी त्याला मारलं. बाई, तुम्ही मला माफ करा."

आयुष्यात कुणाला त्याने हे म्हटलं नव्हतं. रिबकाने हातातली गाठ पुरी केली. मग जाळं बाजूला ठेवून क्रूसापाशी गेली. राजाही कसाबसा गेला आणि धप्पकन गुडघ्यांवर बसला.

"मला येत नाही हे," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी मागायला मी आहे," रिबका म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या कुणासाठी तरी मागा."

राजा विचार करायला लागला. तिन्हीसांज झाली होती. वस्तीतली माणसं कामावरून घरी येत होती. दारादारात कुणी ना कुणी कुणाची वाट बघत होतं. रिबकाच्या दाराशी कुणी येत नव्हतं. राजाला ते दिसलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"देवा," तो म्हणाला, "हिच्या घरी संध्याकाळचं कुणीतरी येऊ दे."

आणि काय झालं? काहीच झालं नाही. वीज चमकली नाही, घंटा वाजली नाही. राजा तसाच मागत राहिला, रडत राहिला, हात-बित सगळं विसरला. अंधार पडला तेव्हा रिबका म्हणाली, "उठा आता, दव पडतंय." राजाने जमिनीवर हात टेकला आणि तो उठला. प्रधान डोळे विस्फारून बघतच राहिला. राजाने उजवा हात टेकला होता. पाचही बोटं मातीत रुतली होती.

तुम्ही विचाराल, याकोब परत आला का? नाही रे बाळांनो. तो नाही आला. पुढे नदीवर असा कायदा झाला की पूर असताना नावाडी थांबा म्हणाला, तर राजानेही थांबायचं. आणि रोज तिन्हीसांजेला राजा रिबकाच्या दाराशी यायचा. पहिले कितीतरी दिवस ती त्याला बस म्हणाली नाही. तो उभाच राहायचा आणि जायचा. मग एक दिवस तिने पाट मांडला. पुढे पुढे तर यायला उशीर झाला की रागवायची, कालवण निवलं म्हणायची.

असा राजा सुखी झाला, राणी सुखी झाली, दुसऱ्या गावाला गेलेला माळीसुद्धा कुदळ घेऊन परत आला. आणि याकोबाशिवाय जितकं सुखी होता येतं, तितकी रिबका सुखी झाली.

चला, आता पाय पांघरुणात घ्या. आज ज्याच्याशी भांडलात ना, त्याच्यासाठी देवाजवळ काहीतरी चांगलं मागा. मोठ्याने नको, मनातच. मागितलंत? मग मिटा डोळे.