हनोखची तुतारी

टेकडीखालच्या एका गावात हनोख नावाचा एक भोळा गडी होता. घरोघर दूध घालायचा. त्याला भीती एकच. न्यायाचा दिवस येईल, सगळे वर जातील आणि आपण मागे राहू.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "तो दिवस कळवून येत नसतो. तुतारी वाजली की हातातलं सोडा आणि निघा. मागं वळून बघू नका!"

सोमवारी वेशीवर कुणाची तरी वरात आली. तुतारी वाजली. हनोखने दुधाची किटली सोडली आणि टेकडीकडे धूम ठोकली.

घरी त्याला सांभाळणारी आत्या कडाडली, "मेल्या, आधी विचारावं, कुणासाठी वाजतेय! मग हलावं."

"बरं," हनोख म्हणाला.

मग शेजारच्या शिमोनच्या कडब्याला आग लागली.

शिमोन ओरडला, "हनोख, पाणी आण, पळ!"

"कुणासाठी?" हनोखने शांतपणे विचारलं.

कडबा गेला. पाळकसाहेबांनी समजावलं, "अरे, आग दिसली की विचारत बसू नये. आधी ओढून बाहेर काढावं. माणसाच्या तारणाचंही तसंच आहे."

"बरं."

पुढे हनोखला बघायला मुलीकडचे आले. अंगणातल्या चुलीवर मटण रटरटत होतं. हनोखला खालची आग दिसली. त्याने पातेलं ओढून काढलं. मटण राखेत. पाहुण्यांनी लोणचं-भाकरी खाल्ली. पण मुलगी, सलोमी, पोट धरून हसली आणि लग्न ठरलं.

आत्याने बजावलं, "हे मोडलं तर दुसरी मिळायची नाही. काही करण्याआधी विचार!"

"बरं."

लग्नाच्या दिवशी हनोख अंगठी घेऊन चर्चच्या दारात उभा राहिला. नवरी आली. तिच्या मामाने हौसेने तुतारीवाला आणला होता. तुतारी वाजली. हनोख टेकडीकडे वळला, पण आत्याचा शब्द त्याने मोडला नाही.

"मामा, कुणासाठी वाजतेय?"

"अहो जावईबापू, तुमच्यासाठीच की!"

अंगठी धुळीत पडली. हनोख सुटला तो थेट टेकडीच्या माथ्यावर. एकदाही वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने पाळकसाहेब झगा सावरत, धापा टाकत वर पोचले. त्यांच्या मागून सलोमी, मुठीत अंगठी, हसू आवरत.

हनोखचे डोळे भरून आले. त्याने हात धरून पाळकसाहेबांना वर ओढलं.

"या साहेब, या. साऱ्या गावाला तयार राहा म्हणालात, आणि तुम्हीच मागे राहिलात होय!"